वाघुळदे सरांनी ऐकलेली कुजबुज

"बसा की सर," हेडसर बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

वाघुळदे सर बसू शकत नव्हते. आदल्या दिवशी शाळेची तपासणी होती. बाहेरून आलेले साहेब नववी ब च्या वर्गात मागे बसले होते. सरांनी फळ्यावर 'प्रयोग ओळखा' असं लिहिलं, खुर्चीवर टेकले, आणि खडू हातात तसाच धरून वर्गाबाहेर धावत सुटले. खुर्चीला कुणीतरी खाजकुइली चोळली होती. रानातल्या या शेंगेची लव ज्याच्या अंगाला कधी लागली नाही त्याला ते दुःख सांगून कळायचं नाही, आणि ज्याच्या लागली त्याला सांगायला नको. साहेब भला माणूस. त्यांनी मिशीखाली हसू दाबून शेरा दिला, 'वर्ग उत्साही आहे.' पण झाली ती शोभा झालीच.

गडहिंग्लजच्या अलीकडची निंबेवाडी, आणि त्या गावची आमची कौलारू शाळा. मी नुकतीच बी.एड. होऊन तिथं लागले होते. सगळ्या शाळेत बाई म्हणून मी एकटीच. उसाचा हंगाम चालू होता, गुऱ्हाळाचा वास खिडकीतून थेट ऑफिसात येत होता, आणि त्या गोड वासात आम्ही तिघं एका पोराच्या नशिबाचा निवाडा करत होतो. तिघं म्हणजे आजरेकर हेडसर, वाघुळदे सर आणि मधे तोंड घालणारी मी.

"सर्जेराव खोत," वाघुळदे सर उभ्या उभ्या म्हणाले. "दुसरं कुणी असूच शकत नाही."

वाघुळदे सर जळगावकडचे. दिवाळीनंतर बदलीच्या जागेवर आले होते आणि त्यांना मराठी शिकवायला दिलं होतं. माणूस सरळ, शिस्तीचा, पण छडीला शिवणार नाही असा. आल्या आल्या त्यांनी हेडसरांच्या हातात स्वतःच्या वर्गाची छडी नेऊन दिली होती. "पोराला मारून गप्प बसवता येतं, पण शहाणं करता येत नाही," असं ते म्हणायचे. खोडकर पोराला काम द्या, जबाबदारी द्या, खोड्या आपोआप कमी होतात, ही त्यांची रीत. म्हणून नववी ब च्या कुलपाची किल्ली त्यांनी वर्गातल्या सगळ्यात द्वाड पोराला, सर्जाला दिली होती. स्टाफरूममध्ये आम्ही हसलो होतो. मांजराच्या हाती शिंक्याची दोरी, असं कुणीतरी म्हणालंही. पण दोन महिने सर्जा सगळ्यांच्या आधी येऊन वर्ग उघडत होता, झाडत होता आणि विहिरीवरून माठ भरून आणत होता. सरांना त्याचा केवढा अभिमान! म्हणूनच आता हा घाव त्यांना खुर्चीपेक्षा जास्त झोंबला होता.

"किल्ली त्याच्याकडे होती एवढ्यावरून?" मी विचारलं.

"एवढ्यावरून नाही. मी कानांनी ऐकलंय." सर जरा अवघडले. "काल मी... नकाशांच्या खोलीत होतो. अंगाला तेल लावत होतो. त्या खोलीत आणि वर्गात नुसता कुडाचा आडोसा आहे. पलीकडून कुणीतरी कुजबुजत होतं. शब्द न् शब्द सांगतो. 'सगळ्यांच्या आदी आलतो. खुर्चीला लावलं आन् पळालो. जरा बी भ्यालो न्हाई.'"

"मग लगेच बाहेर येऊन धरायचं की हो," हेडसर म्हणाले.

"धोतर दोरीवर होतं," सर म्हणाले.

हेडसरांनी खिडकीबाहेर बघितलं. मीही टेबलावरचा पेपरवेट निरखू लागले.

"आवाज ओळखला?" मी विचारलं.

"कुजबुजीला कसला आवाज, बाई? पण सकाळी सगळ्यांच्या आधी येणारा मुलगा एकच आहे. त्याला आधी दोनदा सूचना झाली होती, ही तिसरी. नियम मीच केला होता, तिसऱ्या वेळी दाखला. मीच मोडला तर वर्गाला काय तोंड दाखवू?"

हेडसरांनी मान डोलावली. शनिवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, सर्जाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा असं ठरलं. दाखला म्हणजे काय ते मला पुरतं ठाऊक होतं. सर्जाचा बाप गुऱ्हाळात कामाला. पोराच्या हातात दाखला दिसला की तो सोमवारी त्याला चुलवाणात, रस आटवायच्या भट्टीत, जाळ घालायला जुंपणार. तालुक्याची शाळा, वसतिगृह वगैरे बोलायच्या गोष्टी. चुलवाणाशी बसलेलं पोर परत बाकावर आलेलं त्या गावानं बघितलं नव्हतं.

मी सर्जाला विहिरीपाशी गाठलं. घागर काठावर ठेवून तो पायानं माती उकरत होता.

"खरं सांग. तू केलंस?"

"म्या न्हाई केलं, बाई. आईच्यान."

"मग कुणी?"

विचारलं की उत्तर तोंडावर फेकणारा पोरगा, पण आता जसं काही दातखीळ बसली होती.

"अरे, तुझा दाखला काढायला लागलेत! कळतंय का?"

"कळतंय की."

"किल्ली तुझ्याकडं होती. वर्ग उघडा टाकून तू कुठं गेला होतास?"

"पाण्याला."

"मग परत येताना कुणी दिसलं?"

त्यानं घागर उचलली आणि खांद्यावर घेतली. "सरास्नी सांगा बाई, किल्ली मी टेबलावर ठेवतो जाताना," एवढं बोलून तो चालता झाला.

तेव्हाच माझी खात्री पटली. सर्जाच्या खोड्यांची मला चांगली ओळख होती. हेडसरांच्या सायकलची हवा त्यानंच सोडली होती आणि ती कशी सोडली हे स्वतः हेडसरांनाच समजावून सांगितलं होतं. केलेली खोडी त्याला मिरवायची असायची. जी मिरवता येत नाही ती खोडी करायची कशाला, असा त्याचा हिशेब. हे काम त्याचं नव्हतं. पण माझी खात्री घेऊन कोण काय करणार?

शनिवारी सकाळची शाळा. मी हजेरी घेण्याआधीच ऑफिसात गेले. दाखला लिहून झाला होता, फक्त सही राहिली होती. हेडसर पेन झटकत होते. वाघुळदे सर भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता.

"सर, अजून एक दिवस थांबा," मी म्हटलं.

"थांबून काय होणार?" हेडसर वैतागले. "बाई, तुम्ही नव्या आहात. पोरांना मायेनं घेता, चांगलं आहे. पण वर्ग सांभाळणं म्हणजे नुसती माया नव्हे. उद्या ही पोरं तुमच्या डोक्यावर बसतील."

"डोक्यावर बसू देत! पण न केलेल्याची शिक्षा नको."

"मग केलेला आणा," वाघुळदे सर शांतपणे म्हणाले. "मलाही हवाय. तुम्हाला वाटतं मला आनंद होतोय? त्या पोराला मी किल्ली दिली होती, बाई. त्यानं माझ्या तोंडावर फेकली ती."

ते ऐकून माझं डोकंच सणकलं. "तुम्हाला इथं येऊन दोन महिने झाले. मी ह्याच मातीतली आहे. अशी पोरं बघतच मी वाढलेय. मी सांगतो तुम्हाला, सर्जानं हे केलेलं न्हाई!"

"सांगते," वाघुळदे सर म्हणाले.

"काय?"

"'सांगते' म्हणा, बाई."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुण्याला बी.एड.ला असताना वसतिगृहातल्या मुलींनी 'मी येतो, मी जातो' म्हणून माझी वर्षभर खिल्ली उडवली होती. "अगं, तू पुरुष आहेस का?" असं एकीनं जेवणाच्या रांगेत सगळ्यांसमोर विचारलं होतं. त्या रात्रीपासून मी माझं बोलणं घासूनपुसून स्वच्छ केलं. 'येते, जाते, करते', आरशासमोर सुद्धा म्हणून बघायची. शाळेत तर एकदाही चुकले नव्हते. आणि आज नेमकी रागात चुकले, ती सुद्धा व्याकरण शिकवणाऱ्यासमोर. आता हाही हसणार, असं वाटून मी वर बघितलं.

सर हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढला होता.

"बाई, तुम्ही आत्ता 'सांगतो' म्हणालात."

"चुकलं."

"नाही, नाही. तुमच्याकडे बायका असं बोलतात?"

"बोलतात म्हणजे?" उत्तर हेडसरांनी दिलं. "सगळ्याच बोलतात की. माझी आई बोलते. बायको तर महिन्यातनं एकदा 'मी जातो म्हायेरला' म्हणून धमकी देते, आणि जात काही नाही. त्यात काय एवढं?"

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मुलीसुद्धा?"

हेडसरांचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. मीही थांबले. 'आलतो, पळालो, भ्यालो न्हाई.' दोन दिवस हे शब्द आम्ही तिघं चघळत होतो. हेडसर आणि मी इथलेच. आमच्या कानाला ते शब्द बाईचे काय, पुरुषाचे काय, सारखेच, म्हणून आमच्या डोक्यात काही आलंच नाही. सर जळगावचे. त्यांच्या कानाला 'आलतो' म्हणणारा फक्त मुलगा असतो, म्हणून त्यांनी मुलगा शोधला. एका काना-मात्रेवरून पोरगं चुलवाणात चाललं होतं.

"पण सर," मी म्हटलं, "दोन महिन्यांत वर्गातल्या मुलींचं बोलणं तुमच्या कानावर पडलंच नाही?"

सरांनी जरा आठवून बघितलं. मग फार हळू म्हणाले, "नुसतं 'हजर' म्हणतात."

हेडसरांनी पेनाचं टोपण लावलं. वाघुळदे सर दाराकडे निघाले आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला माझ्याबरोबर. मला सगळं कळेलच असं नाही."

वर्गात शिरलो तर नेहमीचा कालवा. सरांना बघून मुलांच्या बाजूला शांतता पसरली. डावीकडे भिंतीलगत मुलींचे बाक, तिथं आधीपासून शांतताच होती. सर्जा आपल्या जागी उभा होता. किल्ली टेबलावर ठेवलेली होती.

सरांनी ती उचलून त्याच्या हातात दिली. "सर्जेराव, माझी चूक झाली. तुझ्यावर संशय घेतला, ते वर्गासमोरच सांगतो. दाखला निघणार नाही. बस."

सर्जा बसला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून मी बघत होते, तर तो चोरून मुलींच्या बाकांकडे बघत होता आणि पार घाबरला होता.

"ज्यानं हे केलं," सर पुढे म्हणाले, मग थांबले आणि त्यांनी वाक्य दुरुस्त केलं, "ज्यानं किंवा जिनं हे केलं, तिचं नाव मी विचारणार नाही. फक्त मला कारण कळलं असतं तर बरं झालं असतं. कारण मी तुमच्यापैकी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. मग का?"

मग भिंतीलगतच्या बाकावरून परकराची सळसळ झाली आणि हौसा मगदूम उभी राहिली. हौसा! वर्षभरात जिच्याबद्दल कुणा शिक्षकाच्या तोंडून चांगलं नाही, वाईट नाही, काहीच निघालं नव्हतं ती.

"सर, मी आलतो."

पोरांच्या बाजूनं "आयला!" असं कुणीतरी म्हणालं आणि लगेच तोंड दाबलं.

"तू?" सर म्हणाले. "का?"

"तुमी आल्यापास्नं आमास्नी कायबी इचारलं न्हाईसा. पोरं दंगा करत्यात, त्यास्नी किल्ली दिलासा, माठ दिलासा, नकाशा धराय दिलासा. आन् रोज त्यास्नी म्हणतासा, मुलींकडं बघा कशा गप बसत्यात." ती दम घ्यायलाही थांबली नाही. "आमी गप बसलो म्हणून आमाला काय मिळालं? साहेब येणार म्हणून गणिताचं, मराठीचं समदं पाठ केलतो मी. तुमी आदल्या दिशी सांगितलासा, कोण कोण उत्तर देणार. त्यात एक बी पोरगी न्हवती."

सर खाली बघत राहिले.

"भीती नाही वाटली?"

"तवा न्हाई वाटली. आता वाटालीय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण त्यांचे खांदे सैल झाले. "हौसा, शिक्षा होईल."

"व्हय."

"बाकावर उभी राहा."

त्या शाळेत तोवर कुणी मुलीला बाकावर उभं केलं नव्हतं. मुलींना शिक्षा करायची वेळच येत नाही, असं आम्ही शिक्षक मोठ्या कौतुकानं सांगायचो. हौसानं परकर एका हातानं सावरला, दुसऱ्या हातानं शेजारणीचा खांदा धरला आणि वर चढली. डोकं जवळजवळ वाशांना लागत होतं. तिथून तिनं सगळा वर्ग बघितला, आणि शपथेवर सांगते, पोरगी मनातून खूश होती. शेजारीण लगबगीनं उठली. "सर, शेंगा मी दावलत्या. मी बी चढतो." आणि परवानगीची वाट न बघता तीही वर गेली.

सरांनी खडू घेतला. "हौसा, प्रयोग ओळख. 'मी आलो.'"

"कर्तरी, सर."

"का?"

"कर्त्याप्रमाणं क्रियापद बदलतंय. आमच्यात जरा कमी बदलतंय."

यावर मात्र सर मोठ्यानं हसले. नंतर फळ्याकडे वळून त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं, आणि त्याचं उत्तर मुलींच्या दुसऱ्या बाकाला विचारलं. सोमवारपासून किल्लीची पाळी आठवड्याला बदलू लागली, एक आठवडा मुलगा, एक आठवडा मुलगी. नियम तोच राहिला, तीन सूचनांचा. हौसाची पहिली सूचना त्या दिवशी झाली.

तास सुटल्यावर मी सर्जाला व्हरांड्यात अडवलं. "तुला ठाऊक होतं."

तो इकडंतिकडं बघू लागला.

"पाणी घेऊन येताना तू तिला बघितलंस. खरं की नाही?"

"बघितलं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा? चुलवाणात गेला असतास की!"

"गेलो असतो," सर्जा म्हणाला. "पर मला निदान गुऱ्हाळात काम हाय. हिचा बा कसला हाय तुमास्नी ठावं न्हाई, बाई. शाळेत कायतर झालं म्हणून कानावर गेलं, तर दुसऱ्या दिशी हिची शाळा बंद. आन् मिरगाच्या आत लगीन. तिला कुठलं चुलवाण?" मग एकदम काळजीनं म्हणाला, "आता वर्गात तिनं सोताच सांगितलं. एवढी तोंडं हाईत. गावात जाणार हे."

मलाही तीच धास्ती. मी सरांना सांगितलं, सरांचं तोंड उतरलं. शिक्षा करायच्या भरात हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. वर्गाला बजावावं तर बजावलेली गोष्ट आधी फुटते. मग आम्ही काहीच केलं नाही, नुसते कान टवकारून वाट बघत राहिलो. आज जाईल, उद्या जाईल. बाजाराच्या दिवशी तर हौसाच्या बापाला, मगदूमाला, लांबून बघितलं तरी मी वाट बदलायचे.

दीडेक वर्षानं दहावीचा निकाल लागला. शाळेच्या अंगणात सगळा वर्ग जमला होता, पास झालेले, नापास झालेले, नुसतेच आलेले. सर्जा काठावर पास होऊन सगळ्यांपेक्षा जास्त ओरडत होता. हौसा शाळेत मुलींत पहिली आली होती. मगदूम पटका बांधून पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आमच्या दोघांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, "बाई, खरं सांगतो. पोरगी शाळेत घालताना मला लई भ्या हुतं. पोरांच्यात बसायचं, काय शिकंल, काय न्हाई. पर एवढ्या वर्सात हिच्याबद्दल एक शबुद माझ्या कानावर आला न्हाई. म्हणून आता तिला गडहिंग्लजला कालिजात घालतो." मग पोरांकडे वळून त्यानं हाळी दिली, "काय रं पोरांनो? आमच्या हौसीनं वर्गात कवा तरास दिला का कुणाला?"

सगळा वर्ग ऐकत होता. निंबेवाडीतला सगळ्यात दंगेखोर वर्ग. हेडसर ज्यांना 'बेडकांची पलटण' म्हणायचे, ज्यांना गप्प करता करता तीन शिक्षकांनी बदली मागून घेतली, तीच पोरं. कुणी चप्पल बघत होतं, कुणी आकाश. हौसा स्वतः विहिरीच्या काठाला घट्ट धरून उभी होती.

"न्हाई मामा," अखेर सर्जा म्हणाला. "ती वर्गात हाय हेच आमास्नी लई दिस कळलं न्हवतं."

"बघा!" मगदूम आम्हाला म्हणाला आणि पुडा घेऊन पोरांत शिरला. पोरांनी आपापला पेढा तोंडात टाकला. एवढी मोठी पलटण, पण खाताना कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. वाघुळदे सर माझ्या शेजारी उभे होते. पेढा त्यांच्या हातात तसाच होता आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांना भान नव्हतं. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "बाई, ह्या वर्गाला गप्प बसता येत नाही, असं मला कोण सांगत होतं?"